'स्पेंड अ पेनी' : ही पेनी नक्की कोण मोजत होतं?

जुनी वही (धागाकर्ती)

इंग्लंडमधल्या वयस्कर बायका लघवीला जायचं असलं की तसं तोंडाने म्हणत नाहीत. 'जरा पेनी खर्च करून येते' असं म्हणतात आणि उठतात. 'स्पेंड अ पेनी'. जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका पाहिलेल्यांच्या कानावरून हे नक्की गेलं असेल. सार्वजनिक शौचालयाच्या दाराला नाण्याचं कुलूप असायचं, फटीत एक पेनी सरकवली की कडी सुटायची, त्यावरून हा शब्दप्रयोग पडला, असं सगळीकडे सांगतात. तेवढं बरोबरच आहे. पण ते दार कोणासाठी होतं, हा भाग बहुतेक जण गाळतात. मला तोच मांडायचा आहे.

आधी नेहमीची गोष्ट. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरच्या उद्योगांचं मोठं प्रदर्शन भरलं. जोसेफ पॅक्स्टनने त्यासाठी काच आणि लोखंडाचा अवाढव्य महाल उभा केला, तोच क्रिस्टल पॅलेस. १ मे ते १५ ऑक्टोबर एवढ्या काळात साठ लाखांवर भेटी झाल्या. आत दारू मिळत नव्हती, म्हणून सोडा, लेमोनेड आणि जिंजर बिअरच्या दहा लाखांहून जास्त बाटल्या खपल्या. इतकं पोटात गेल्यावर पुढची सोय लागणारच. ती केली जॉर्ज जेनिंग्ज या हॅम्पशरच्या कारागिराने. नळकाम आणि सांडपाणी हा त्याचा व्यवसाय. त्याने पाण्याने धुतले जाणारे संडास बसवले. एक पेनी दिली की स्वच्छ बैठक, हात पुसायला टॉवेल, कंगवा आणि वर बुटांना पॉलिश. प्रदर्शनाच्या अहवालात आकडा नोंदलेला आहे: ८,२७,२८० जणांनी पैसे देऊन ही सोय वापरली. म्हणजे साधारण सात भेटींमागे एक.

प्रदर्शन आटोपल्यावर महाल सुटा करून सिडनहॅमला हलवला. तिथे संडास नकोत असा एक सूर होता. जेनिंग्ज मागे हटला नाही. सोय चालू राहिली आणि वर्षाला हजार पौंड मिळवून देऊ लागली.

इथवर सांगून 'आणि असा हा वाक्प्रचार जन्मला' म्हणून गोष्ट संपवतात. पण शब्दप्रयोगाची लेखी नोंद शोधत गेलं तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सर्वांत जुनी नोंद १९४५ची मिळते, हिल्डा लुईस यांच्या एका कादंबरीतली. मध्ये चांगली चौऱ्याण्णव वर्षं गेली आहेत. एकाच प्रदर्शनातून वाक्प्रचार निघाला असता तर एवढा काळ कागदावर का नाही आला?

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच प्रदर्शनात पुरुषांसाठी मुताऱ्या होत्या आणि त्या फुकट होत्या. म्हणून वरच्या आकड्यात त्या धरलेल्याच नाहीत. पुरुषाला नुसती लघवी करायची असेल तर खिशात हात घालायची गरज नव्हती. बाईला मात्र प्रत्येक वेळी दारामागेच जायचं, म्हणजे प्रत्येक वेळी पेनी. मग 'पेनी खर्च करणे' म्हणजे लघवी करणे, हा अर्थ कोणाच्या तोंडी तयार झाला असेल? पुरुषाच्या तोंडी तो तयार होणंच अवघड. हा शब्दप्रयोग बायकांनी घडवला आहे असं माझं ठाम मत आहे. तो फक्त लाज झाकत नाही, कोण पैसे मोजत होतं तेही सांगतो. कादंबरीतल्या त्या पहिल्या लेखी नोंदीतही हे शब्द मुलींच्याच तोंडी आहेत.

ज्यांना याबद्दल आणखी माहीत आहे त्यांनी जरूर लिहा.

नाणेघाट

छान धागा. नाण्यांचा नाद असल्यामुळे थोडी भर घालतो.

ही पेनी म्हणजे आजची नव्हे. तेव्हा बारा पेन्यांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे एका पौंडाच्या २४० पेन्या. १८६० पासून ती ब्राँझची झाली, व्यास जवळजवळ ३१ मिलिमीटर. हातात घेतली तर आपल्या आताच्या दहाच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी. त्याआधीची तांब्याची पेनी आणखी जड होती, सुमारे १९ ग्रॅमची. एवढं मोठं नाणं कुलुपाच्या यंत्राला सोयीचं, कारण त्याच्या वजनाने आतली पट्टी दाबली जाते.

आता कुलुपाबद्दल. १८५१ मध्ये पेनी दारावरच्या सेवकाच्या हातात द्यायची पद्धत होती. नाणं टाकून उघडणारं कुलूप नंतरचं. ते तयार करण्याचं श्रेय बऱ्याचदा जॉन नेव्हिल मॅस्केलीन याला देतात, आणि हा माणूस पेशाने जादूगार! पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याचे खेळ वर्षानुवर्षं चालले. पेटीतून माणूस गायब करणाऱ्याला कुलपांची समज असणं साहजिक आहे. हा धागा धरला तर शब्दप्रयोगाचं मूळ प्रदर्शनात न शोधता एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावोगावच्या नगरपालिकांनी बांधलेल्या शौचालयांत शोधावं लागतं. मला तेच जास्त पटतं. साडेपाच महिन्यांचं एक प्रदर्शन भाषेत रुजेल, त्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या रोज फटीत टाकलेली पेनी नक्कीच जास्त रुजेल.

१५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने दशमान पद्धत घेतली. पौंडाच्या शंभर नव्या पेन्या झाल्या. नवी पेनी वीस मिलिमीटरची, जुन्या फटीतल्या यंत्राला ती चालेना. जुनी पेनी त्याच वर्षी ऑगस्टअखेर चलनातून गेली. ज्या नाण्यावरून शब्द आला ते नाणं गेलं, शब्द राहिला.

चष्मेवाली

जुनी वही, तुमचा तर्क आवडला, पण चौऱ्याण्णव वर्षांच्या खड्ड्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहते.

बायका आपसात जे बोलतात ते छापलं कधी जातं? व्हिक्टोरियाच्या काळात कोणती बाई पत्रात किंवा कादंबरीत लघवीचा उल्लेख करणार होती, मग तो कितीही झाकून का असेना? सोज्वळ पर्यायी शब्द हे मुळात बोलण्यासाठी असतात. कुजबुजीतला शब्द छापील पानावर यायला दोनतीन पिढ्या लागल्या तर मला आश्चर्य वाटत नाही. कोशातली पहिली नोंद म्हणजे शब्दाचा जन्मदिवस नव्हे. तो शब्द पहिल्यांदा छापणाऱ्याच्या हाती लागला, एवढाच तिचा अर्थ.

तरी नाणेघाट म्हणतात ते मला योग्य वाटतं. १८५२ मध्ये 'सोसायटी ऑफ आर्ट्स'ने लंडनमध्ये सार्वजनिक शौचालयांचा प्रयोग करून पाहिला होता. प्रदर्शनामागचा मुख्य माणूस हेन्री कोल यातही होता. फ्लीट स्ट्रीटवर पुरुषांसाठी आणि स्ट्रँडजवळच्या बेडफर्ड स्ट्रीटवर बायकांसाठी. पत्रकं वाटली, वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पण लोक फिरकले नाहीत आणि काही महिन्यांत ते गुंडाळलं गेलं. तिथे दरही एक पेनी नव्हता, दोन होते. प्रदर्शनाने लगेच सवय लावली असती तर हे ओस पडलं नसतं.

आणि त्या जागेचं नाव काय ठेवलं होतं ठाऊक आहे? 'पब्लिक वेटिंग रूम्स'. संडासाला प्रतीक्षालय! जेनिंग्जला स्वतःला 'हॉल्टिंग स्टेशन', म्हणजे विश्रांतीचं ठिकाण, असं नाव हवं होतं. आधी जागेचंच नाव झाकलं गेलं. तिथे जाण्याच्या क्रियेचं नाव पुढे बायकांनी झाकलं, पण त्यांच्या शब्दात निदान खरा व्यवहार तरी आहे.

हिरवा चाफा

+१ चष्मेवाली.

एक पेनी म्हणजे किती, हा हिशेब करून बघा. १८८८ मध्ये लंडनच्या आगपेटी कारखान्यातल्या मुलींचा प्रसिद्ध संप झाला. त्याआधी ॲनी बेझंट यांनी (हो, पुढे आपल्याकडे येऊन होमरूल चळवळ चालवणाऱ्या त्याच) त्या मुलींच्या मजुरीवर लेख लिहिला होता. त्यात सोळा वर्षांच्या एका मुलीची आठवड्याची कमाई चार शिलिंग दिली आहे. चार शिलिंग म्हणजे ४८ पेन्या. अशा मुलीने कामावर जाता-येता रस्त्यात दिवसाला दोनदा पेनी टाकली तर सहा दिवसांत बारा पेन्या, म्हणजे कमाईचा चौथा हिस्सा. साहजिकच ती टाकत नसणार. ती पाणी पीत नसणार, नाहीतर कळ सोसत घर गाठत असणार.

हे आपल्याला काही परकं वाटायला नको.

मुक्काम रेडिंग

इथे इंग्लंडमध्ये बऱ्याच वर्षांपासून राहतो. तरुण मुलं हे शब्द वापरताना मला दिसत नाहीत, ती सरळ 'लू' म्हणतात. पण आमच्या शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई आजही बाहेर पडताना हेच म्हणतात, आणि आता पुरुषही म्हणतात. त्यामुळे 'फक्त बायकांचा शब्द' हे आज खरं नाही. उगमाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे.

त्या बाईंकडून ऐकलेली एक पद्धत सांगतो. आतून बाहेर पडणारी बाई दार लोटून न घेता पुढच्या बाईसाठी धरून ठेवायची. अनोळखी असली तरी. एका पेनीत तिघीचौघी जाऊन यायच्या. याला कोणी चोरी म्हणत नसे, तो बायकांचा आपसातला रिवाज होता.

मग काही ठिकाणी फिरता अडसर लावलेला असायचा, 'टर्नस्टाइल'. एका वेळी एकच माणूस आत. पोटुशी बाई, कडेवर मूल घेतलेली बाई, हातात बाजाराच्या पिशव्या असलेली बाई, सगळ्यांनाच त्या लोखंडी दांड्यांचा त्रास. ब्लॅकबर्नच्या खासदार बार्बरा कॅसल यांनी हा विषय संसदेत लावून धरला. सभागृहात बहुसंख्य पुरुष, आणि विषय बायकांच्या संडासाचा! पण शेवटी १९६३ मध्ये खास त्यासाठी कायदा झाला आणि सार्वजनिक शौचालयांतले असे अडसर काढायला लावले. पुढे समान वेतनाच्या कायद्यासाठी त्यांचं नाव झालं, पण मला त्यांचं हे काम तितकंच मोठं वाटतं.

रेल्वे स्थानकांचं म्हणाल तर लंडनच्या मोठ्या स्थानकांवर अलीकडेपर्यंत वीस ते पन्नास पेन्स द्यावे लागायचे. नेटवर्क रेलने १ एप्रिल २०१९ पासून आपल्या ताब्यातल्या स्थानकांवर ते पूर्ण बंद केलं.

शब्दसाखळी

धागा भाषेचाही आहे, म्हणून इतर सोज्वळ शब्दांची थोडी माहिती.

'सी अ मॅन अबाउट अ डॉग', म्हणजे 'एका माणसाला कुत्र्यासंबंधी भेटायचंय', हा पुरुषांचा आवडता बहाणा. तो १८६६ च्या एका नाटकात सापडतो. तिथे लघवीचा संबंध नाही, नुसतं कटवायचं म्हणून पात्र तसं म्हणतं. पुढे बहाणा तोच राहिला आणि कारण बदललं. 'टॉयलेट' हाही मुळात आडपडदाच आहे: फ्रेंचमध्ये तो कापडाचा तुकडा, मग साजशृंगाराचं मेज, मग शृंगाराची खोली, मग हे. 'लॅव्हेटरी' म्हणजे धुण्याची जागा. इंग्रजीत या वस्तूला स्वतःचं साधं नाव उरलेलंच नाही, एक झाकण जुनं झालं की त्यावर दुसरं ठेवायचं.

आपल्याकडेही कमी नाहीत. परसाकडे, बहिर्दिशेला, लघुशंका, शाळेतलं 'बाई, एकी लागली'. आणि महाराष्ट्रात एक अगदी 'पेनी'च्या जातीचा शब्द आहे: 'सुलभला जाऊन येतो'. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये बिहारमध्ये सुरू केलेल्या संस्थेचं नाव, पण एसटी स्टँडवर आता कोणाचंही शौचालय असो, म्हणायचं 'सुलभ'. इंग्लंडात दर भाषेत शिरला, आपल्याकडे संस्थेचं नाव शिरलं. दोन्हीकडे जे शिरलं ते पैसे घेणाऱ्या शौचालयामुळेच.

पावशेर

अवांतर: शौचालयावरच्या पैशाची गोष्ट निघाली की रोमन सम्राट व्हेस्पासियन आठवतो. त्याने मूत्रावर बसवलेल्या करावरून मुलगा टायटस नाक मुरडू लागला तेव्हा त्याने नाणं पुढे करून 'याला वास येतो का?' असं विचारलं, ही गोष्ट स्युटोनियसने लिहून ठेवली आहे. पण तो कर मुतारीत जाणाऱ्यावर नव्हता. गोळा केलेलं मूत्र कपडे धुणारे आणि कातडी कमावणारे विकत घेत, त्यावर होता. तेव्हा त्याचा आणि पेनीचा थेट संबंध नाही. फ्रान्समध्ये मात्र रस्त्यावरच्या मुतारीला पुढे त्याचंच नाव मिळालं. त्याही फक्त पुरुषांसाठीच.

जुनी वही (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. दार धरून ठेवण्याची गोष्ट वाचून फार बरं वाटलं.

चष्मेवाली, १८५२ च्या प्रयोगाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. त्यापुढचा भाग मी सांगते, कारण 'मग बायकांसाठी बांधली का नाहीत?' हा प्रश्न तिथूनच निघतो.

१८८० नंतर लंडनमध्ये रस्त्याखाली, जिना उतरून जायची शौचालयं होऊ लागली. बरीचशी पुरुषांची. बायकांसाठी मागणी आली की विरोध व्हायचा, आणि विरोधाचं कारण तोंडाने सांगायलाही लोक कचरायचे. १९०० च्या सुमारास कॅम्डनमधल्या पार्क स्ट्रीटच्या नाक्यावर बायकांचं शौचालय बांधायचा प्रस्ताव आला. त्या वेळी जॉर्ज बर्नार्ड शॉ तिथल्या सेंट पँक्रसच्या स्थानिक मंडळाचे सभासद होते. नाटककार शॉ, तेच. जागेचा अंदाज यावा म्हणून नियोजित ठिकाणी लाकडाचा एक सांगाडा उभा केला. तर येणारीजाणारी वाहनं त्याला येऊन धडकायला लागली, म्हणजे बघा, इथे किती अडचण होते! दुकानदारांचं म्हणणं की मालमत्तेची किंमत पडेल. हे काम कित्येक वर्षं रखडलं.

शॉ यांनी १९०९ मध्ये या अनुभवावर लेख लिहिला. बायकांना मताचा हक्क का हवा, याचं एक न बोललं जाणारं कारण म्हणून त्यांनी हाच विषय घेतला. त्यांचं म्हणणं असं की समितीत एकही बाई नसेल तर हा प्रश्न नीट मांडलाच जाणार नाही. आणि दुसरं, जे आपल्या धाग्याशी थेट जोडलेलं आहे: गरीब बाईसाठी एक पेनी हा परवडणाराच दर नाही, म्हणून सोय फुकट असली पाहिजे. हिरवा चाफा यांनी वर हिशेबाने मांडलेला मुद्दा तो हाच.

म्हणून मला 'स्पेंड अ पेनी'ची नुसती गमतीशीर जन्मकथा सांगून थांबवत नाही.

कावेरीकाठ

मुंबईतून लिहितेय. हा धागा वाचताना पुन्हा पुन्हा वाटत होतं की हे आपलंच चाललं आहे.

इथे 'राइट टू पी' ही मोहीम २०११ पासून चालू आहे. कोरो आणि इतर अनेक संस्था त्यात आहेत. त्यांचा पहिला मुद्दा नेमका हाच होता: पालिकेच्या 'पे अँड यूज' शौचालयात पुरुषाला मुतारी फुकट, आणि बाईकडून लघवीचेही दोन, तीन, पाच रुपये. दारावर बसलेला माणूस म्हणतो, बाई आत कशासाठी चालली आहे ते मला कसं कळणार, म्हणून सगळ्यांकडून घेतो. १८५१ च्या प्रदर्शनात हीच विभागणी होती. एकीकडे पेनी, दुसरीकडे रुपया, वाटणी तीच.

रस्त्यावर भाजी विकणारी, कचरा वेचणारी, मासे घेऊन लोकलने फिरणारी बाई यांना विचारा. सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत. मूत्रमार्गाचे आजार त्यातून होतात. मोहिमेतल्या कार्यकर्त्या वस्त्यावस्त्यांतून हे बोलायला लागल्या तेव्हा सुरुवातीला नावावरूनच लोक लाजायचे. पण नाव मुद्दाम उघडं ठेवलं होतं. 'महिला प्रसाधनगृह सुविधा अभियान' म्हटलं असतं तर फाइलीत जाऊन पडलं असतं.

पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी रस्त्यावर स्वच्छ, सुरक्षित शौचालयं देण्याबद्दल निर्देश दिले. या सोयीचा संबंध सन्मानाने जगण्याच्या हक्काशी आहे, अशी त्यामागची भूमिका आहे. अंमलबजावणीची काय स्थिती आहे ते दादरला किंवा स्वारगेटला उतरून कोणीही बघावं.

टेकडीवरचा

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. पैसे घेतले म्हणून अन्याय, हे इतकं सरळ नाही.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथेही दहा सेंटच्या कुलपांची शौचालयं होती आणि तिथेही मुताऱ्या फुकट. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आमदार मार्च फॉंग यू यांनी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर, सगळ्या पत्रकारांसमोर, घणाने संडासाचं भांडं फोडलं. युक्तिवाद हाच: बाईला पैसे, पुरुषाला फुकट. १९७० मध्ये काही शाळकरी मुलांनी पैशाची शौचालयं संपवण्यासाठी देशव्यापी समिती काढली. १९७३ मध्ये शिकागोने, १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाने बंदी घातली, मग एकापाठोपाठ एक राज्यं. दशक संपेपर्यंत ही कुलपं जवळजवळ नाहीशी झाली.

पण त्यांच्या जागी फुकट शौचालयं कोणी बांधली नाहीत. अनेक शहरांत रस्त्यावर आज काहीच सापडत नाही, कॉफीच्या दुकानात शिरून काहीतरी विकत घ्यावं लागतं. ती पेनी नसेना का, तीन डॉलरची कॉफी झाली. झाडलोट, पाणी, दिवा, पगार, हे कुठून येणार? पाच रुपये देऊन स्वच्छ जागा मिळत असेल तर माझ्या आईला ते फुकटच्या घाणीपेक्षा चालतात.

हिरवा चाफा

टेकडीवरचा, तुमच्या आईंना चालतात, कारण त्यांच्याजवळ पाच रुपये आहेत. दिवसाला दीड-दोनशे कमावणाऱ्या बाईने चार वेळा वीस रुपये काढायचे का?

निगा राखायला पैसा लागतो हे कोणीच नाकारत नाही. तो पाणीपट्टी, मालमत्ता कर यांतून यावा, जसा पुरुषांच्या मुतारीसाठी आजही येतो. तिची झाडलोट फुकट होते असं थोडंच आहे? तिथला खर्च नगरपालिका उचलते आणि कोणी तक्रार करत नाही. प्रश्न फक्त बाईच्या बाजूलाच 'खर्च कोण देणार' असा का विचारला जातो, एवढंच आमचं म्हणणं.

टेकडीवरचा

पुरुषांच्या मुतारीचा खर्चही कोणीतरी देतोच, हा मुद्दा बिनतोड आहे. त्या बाजूने मी पाहिलं नव्हतं. स्वच्छतेवर मात्र मी ठाम आहे. नुसतं फुकट करून कुलूपबंद ठेवलं तर काय उपयोग?

कावेरीकाठ

त्यावर आपलं एकमत आहे. मोहिमेच्या मागण्यांत फुकट मुतारीबरोबर पाणी, दिवा, आतून लागणारी कडी आणि पॅड टाकायला डबा हे सगळं आहे.

नाणेघाट

कोणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं म्हणून इथेच लिहितो: 'द पेनी ड्रॉप्ड' (उशिरा डोक्यात प्रकाश पडणे) याचा संडासाशी संबंध नाही. तो नाणं टाकून चालणाऱ्या खेळांच्या, वजनाच्या, गोळ्याचॉकलेटच्या यंत्रांवरून आलेला आहे. नाणं मध्येच अडकतं आणि थोड्या वेळाने खाली पडतं तेव्हा यंत्र चालू होतं.

चष्मेवाली

जुनी वही, एक प्रश्न. मुतारी फुकट आणि संडासाला पैसे, हे इंग्लंडमध्ये केवळ रूढीने चाललं होतं की कुठे लिहिलेलं होतं? लिहिलेलं असेल तर तुमचा तर्क आणखी भक्कम होतो.

जुनी वही (धागाकर्ती)

लिहिलेलं होतं, थेट कायद्यात. इंग्लंड-वेल्सच्या १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचं कलम ८७ पाहा. स्थानिक संस्थांना शौचालयं बांधायचा आणि त्यांच्यासाठी योग्य वाटेल ते शुल्क घ्यायचा अधिकार त्यात दिला आहे, पण 'मुताऱ्या वगळून'. कायदा करणाऱ्यांनी त्या तरतुदीत 'पुरुष' किंवा 'बाई' हा शब्द लिहिला नाही. लिहायची गरजच नव्हती. मुतारी कोण वापरतं हे सगळ्यांना माहीत होतं. आणि 'स्पेंड अ पेनी' पहिल्यांदा छापलं गेलं तेही हा कायदा झाल्यानंतरच्याच दशकात.

ही तरतूद २००८ पर्यंत तशीच राहिली. त्या वर्षी लिंगभेदविषयक कायद्यांतल्या दुरुस्त्या करताना ते वगळण्याचे शब्द काढून टाकले. आता कोणत्याही नगरपालिकेला दोघांसाठी सारखाच नियम करावा लागतो. मात्र समानता आली ती पुरुषांच्या मुतारीलाही पैसे लावायची मुभा देऊन. बायकांना फुकट करून नव्हे. शॉ यांनी शंभर वर्षांपूर्वी मागितलं होतं ते दुसरंच.

मुक्काम रेडिंग

हे कलम इथे इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावच्या नगरपालिकेने बरीच जुनी शौचालयं बंदच केली आहेत, तेव्हा शुल्काचा प्रश्न कागदावरच आहे. शेजारच्या बाईंना हा धागा इंग्रजीत वाचून दाखवणार आहे. १९६३ च्या आधीचे ते लोखंडी अडसर त्यांनी स्वतः ढकललेले आहेत. त्या काही सांगतील ते इथे लिहीन.

चष्मेवाली

जरूर लिहा. त्यांना हेही विचारा की हे शब्द त्या कोणाकडून शिकल्या, आईकडून की शाळेतल्या मैत्रिणींकडून. १९४५ च्या आधी ते बोलण्यात किती मुरले होते याचा थोडा अंदाज तिथून येईल.